मत नको म्हणणारा उमेदवार

शैलाचा फोन आला तेव्हा मी पडेगावच्या रस्त्यावर भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतो. मंगळवार होता. मंगळवारी मी मुरलीकडं जातो आणि जाताना मेथीची जुडी नेतो, हे ठरलेलं. "काका, बाबा गेले," शैला म्हणाली. शैला म्हणजे मुरलीची मुलगी. आणि मी काय बोललो असेन? "आलोच, मेथी घेतोय," असं म्हणालो! फोन खिशात टाकला, पैसे दिले, जुडी पिशवीत ठेवली, दहा पावलं चाललो आणि मग पाय जागच्या जागी थांबले. भाजीवाला मागून विचारत होता, "चाचा, क्या हुआ? तबियत ठीक है ना?"

घरी पोचलो तर मुरली पलंगावर निजल्यासारखा. दुपारचं जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. सगळ्या गावाला सुया टोचत हिंडलेला माणूस स्वतः एक सुई न टोचून घेता गेला. सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, आत नेऊन ठेवली आणि परत त्याच जागी येऊन बसल्या. मला रडूही आलं नाही त्या वेळी.

याला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लिहिलेलं मी आवडीनं वाचतो. गेलेली माणसं फार चांगली असतात आणि लिहिणारे त्यांचे फार जवळचे असतात. मीही जवळचाच. पहिलीपासूनचा दोस्त. पण मी जे लिहायला बसलोय, त्यात मुरलीचा चांगुलपणा जेवढा आहे तेवढाच माझा नालायकपणा आहे, आणि दुसरं वगळून पहिलं सांगता येत नाही. किती वेळा लिहायला बसलो आणि किती वेळा उठलो, ते माझं मला ठाऊक.

आम्ही दोघंही निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षी जन्मलेलो. आमचं तालुक्याचं गाव शहरापासून एसटीनं दीड-दोन तासांवर. माझ्या वडिलांचं खतं-बियाणांचं दुकान होतं, ते पुढं मी चालवलं. मुरलीच्या वडिलांचं काही नव्हतं. तो दहावीनंतर डॉक्टरांच्या दवाखान्यात झाडायला लागला आणि बघता बघता कंपाउंडर झाला. हात असा हलका, की सुई टोचली कधी आणि काढली कधी ते कळायचं नाही. पोरं डॉक्टरांकडं बघून रडायची आणि मुरलीकडं बघून गप व्हायची. त्याचं म्हणणं असं, की माणूस सुईला भीत नाही, टोचणाऱ्याच्या तोंडाला भितो. म्हणून टोचताना हा हमखास काहीतरी फालतू विचारायचा. एखाद्या म्हातारीला, "आजे, तुझ्या लग्नात किती बुंदी पाडली होती गं?" म्हातारी हिशेब लावेपर्यंत काम झालेलं. हिंदू वस्ती, मुसलमान वस्ती, मळ्यातली घरं, सगळीकडं त्याची सायकल जायची. पावसाळ्यात चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन जाताना मी त्याला पाहिलंय. आणि चेष्टा केलीय, "मुरल्या, सायकल तुझ्यावर बसली का तू सायकलवर?"

मला मात्र पहिल्यापासून मोठेपणाचा सोस. नगरपरिषदेत दोनदा निवडून आलो होतो. नगराध्यक्ष तोवर आम्ही सदस्यच आपसात निवडायचो. कोण कुणाला फोडतो, कुणाला सहलीला नेऊन ठेवतो, असला सगळा कारभार. मग कायदा आला, की नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. मला वाटलं, आता तर ही खुर्ची माझीच. समोर जगन्नाथराव होते, कापसाच्या जिनिंगचे मालक, पैशानं तगडे. मी आमच्या गावातल्या आघाडीचा. चिन्ह छत्री. सरळ सरळ दुरंगी लढत होती, आणि दुरंगीत मी पडत नव्हतो, हे जगन्नाथरावही मान्य करायचे.

आता निवडणुकीत एक पद्धत असते, वाचकांपैकी अनेकांना ती ठाऊक असेल. छाननीत आपला अर्ज काही कारणानं बाद झाला तर हातात काहीतरी असावं म्हणून प्रत्येक जण आपल्या भरवशाच्या माणसाचा एक अर्ज भरून ठेवतो. अपक्ष म्हणून. त्याला डमी म्हणतात. आपला अर्ज मंजूर झाला, की डमीनं जाऊन आपला मागं घ्यायचा. भरवशाचा माणूस म्हटल्यावर मुरलीशिवाय कोण? तो आधी नाहीच म्हणत होता. "विन्या, मला त्या भानगडीत नको रे. माझं पेशंट सोडून कचेरीत कोण बसणार?" मी म्हटलं, "दोन सह्या करायच्यात. एक भरायला, एक काढायला." तेवढ्यावर आला बिचारा.

छाननी झाली, माझा अर्ज मंजूर झाला. त्याच संध्याकाळी मुरली घरी आला. "उद्या सकाळी काढून टाकतो माझा. डोक्याला ताप नको." आणि इथं मी माती खाल्ली. मी म्हटलं, "थांब की. शेवटच्या दिवशी काढू." माझ्या डोक्यात देखावा होता. माघारीच्या शेवटच्या दिवशी जिल्ह्याचे पुढारी माझ्या फेरीला यायचे होते. अकराला फेरी, अडीचला वाजतगाजत तहसील कचेरी, तिथं मुरली कंपाउंडर सगळ्यांसमक्ष अर्ज मागं घेणार, मला हार घालणार, फोटो निघणार, की बघा, अपक्षानंही पाठिंबा दिला! आपलाच माणूस, आपणच उभा केलेला, आणि आपणच त्याचा पाठिंबा मिळवायचा. असली शहाणपणाची कामं आमच्या गावात सगळेच करायचे, त्यामुळं कुणाला त्यात काही वेडेपण दिसायचं नाही. मुरलीला दिसलं. "हे काय लग्न लागतंय का?" म्हणाला. पण माझ्यापुढं त्याचं कधी चाललं होतं?

तो दिवस उजाडला तोच मायच्या रक्ताच्या उलटीनं. माय म्हणजे माझी आई. चार दिवस पोटात दुखतंय म्हणत होती, मी ऐकून सोडून दिलं होतं. मुरलीला बोलावलं. त्यानं नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि मला बाजूला घेतलं. इतका गंभीर मी त्याला पूर्वी बघितलेला नव्हता. "विन्या, हे आपल्याकडचं काम नाय. आत्ताच्या आत्ता शहरात, मोठ्या दवाखान्यात. चल." मी घड्याळात बघितलं. लिहायला लाज वाटते, पण बघितलं खरं. पुढारी निघाले होते, माणसं जमायला लागली होती, बाहेर ढोल वाजत होता. मी म्हटलं, "तू घेऊन जा. तुला तिथलं सगळं समजतं, मी येऊन काय करणार? भरती कर आणि दोनपर्यंत परत ये."

"अन् नाय आलो तर?"

"येशील रे. जीपनं जायचंय."

त्यानं माझ्याकडं क्षणभर बघितलं. मागच्या दारानं मायला उचलून भाड्याच्या जीपमध्ये निजवलं, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि गेला. आणि मी पुढच्या दारानं बाहेर पडून प्रचाराच्या गाडीवर चढलो, हात जोडले. कुणीतरी विचारलं, माय कुठंय, ओवाळायला नाही का येणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "माय ताईकडं गेलीय." ताई म्हणजे माझी बहीण, ती शहरातच असते. एकदा तोंडातून निघालं ते निघालं.

दवाखान्यात मायला रक्त लागलं. गट मुरलीचा जुळला. त्यानं रक्त दिलं, डॉक्टर बाहेर येऊन धोका टळला म्हणेपर्यंत बसून राहिला, माझ्या बहिणीला तिथं बसवलं आणि मग निघाला. तहसील कचेरीत पोचला तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. माघारीची वेळ तीनची, आणि उमेदवारानं स्वतः येऊन अर्ज द्यायचा. आम्ही हार घेऊन कचेरीच्या आवारात तिष्ठत उभे. मुरली धावत आला, अंगातला सदरा घामानं चिकटलेला, तोंड पांढरं. निवडणुकीचं काम बघणाऱ्या साहेबांसमोर जाऊन हात जोडले. साहेब भला माणूस होता, पण त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. सगळ्यांच्या देखत मी मुरलीवर ओरडलो, "कुठं होतास?" मला माहीत होतं कुठं होता! तरी ओरडलो. आणि मुरली सगळ्यांच्या देखत म्हणाला, "शहरात काम होतं जरा."

बाहेर आल्यावर त्यानं हळूच माझ्या कानात सांगितलं, "माय बरी हाय." मग कुठं मी श्वास सोडला. पण मतपत्रिकेवर आता तीन नावं जाणार होती. मुरलीला चिन्ह मिळालं कपबशी.

पुढचे पंधरा दिवस त्या माणसानं जे केलं, तसं मी आजवर दुसऱ्या कुणाला करताना बघितलेलं नाही. सायकल घेऊन दारोदार हिंडायचा आणि सांगायचा, "मी उभा नाय हो. मला मत देऊ नका. कपबशीवर शिक्का मारू नका, छत्रीवर मारा." लोक हसायचे. चहा द्यायचे, नेमका कपबशीतून. "वा कंपाउंडर, परचार लई भारी हाय तुमचा!" तो काकुळतीला यायचा. एका घरी मी सोबत होतो. तिथल्या म्हातारीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "बाकीची समदी मत द्या, मत द्या म्हणून ऊर बडवून राहिली. ह्यो एकटा नगं म्हनतो. मग ह्यालाच द्यावं की गं." मुरलीनं कपाळावर हात मारला. मीही हसलो तेव्हा. पण परत येताना माझ्या मनात पहिल्यांदा खुट्ट झालं. लोकांचं याच्यावर प्रेम आहे, ते मला माहीत होतं. ते माझ्या कामाला येईल, हे मी गृहीत धरलं होतं. ते त्याचं स्वतःचं आहे, माझ्याकडं वळवता येत नाही, हे मला त्या बोळात कळलं. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग आला.

मतमोजणीत दुपारपर्यंत मी पुढं होतो. मग मुसलमान वस्तीतल्या आणि मळ्यांकडच्या पेट्या उघडल्या आणि कपबशीचा गठ्ठा चढायला लागला. शेवटी मी शंभराच्या आत मतांनी पडलो. मुरलीला त्या फरकाच्या तिप्पट मतं होती. त्यातली निम्मी जरी छत्रीला आली असती... हा हिशेब मी पुढं किती वर्षं मनात घालत बसलो. जगन्नाथरावांनी गुलाल उधळला आणि त्यांच्या पोरांनी मुद्दाम घोषणा दिली, "कंपाउंडर आगे बढो!"

संध्याकाळी माझ्या ओसरीवर पंचवीस-तीस माणसं बसली होती. सगळी तोंडं पडलेली. कुणीतरी म्हणालं, "माघारीच्या दिवशी कंपाउंडर भल्या सकाळी जीपनं शहराकडं गेलेला बघितला म्हणे. जीप कुणी दिली त्याला? काय काम होतं?" दुसरा म्हणाला, "काम कसलं आलंय, डोंबलाचं! जगन्नाथरावाचे पैसे खाल्ले त्यानं. मुद्दाम उशीर केला." आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

एक वाक्य बोलायचं होतं मला. तो माझ्या मायला घेऊन गेला होता. झालं. पण ते बोललो असतो तर दुसरा प्रश्न येणार होता, की मग तू कुठं होतास? माय रक्त ओकत होती आणि तू गाडीवर हात जोडून उभा होतास? माय ताईकडं गेलीय म्हणून आम्हाला खोटं सांगितलंस? आणि दुसरं असं, की दोस्तानं घात केल्यामुळं पडलेला माणूस लोकांच्या नजरेत पडत नाही, उलट त्याची कीव येते. आपल्याच हौसेपायी पडलेल्याचं हसं होतं. हे सगळं मी त्या वेळी इतकं विचारपूर्वक केलं असं नाही. मी नुसता खाली चहाकडं बघत राहिलो. तोंड शिवल्यासारखा. मान वर केली तेव्हा मुरली ओसरीच्या पायरीशी उभा होता. माय अजून दवाखान्यातच होती; तिला दोन दिवसांत घरी सोडणार, हे सांगायला तो दवाखान्यातून सरळ आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. माझं न बोलणंही ऐकलं होतं. त्यानं चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि गेला.

गावात असली गोष्ट पसरायला काय लागतं! डॉक्टर माझ्या गटातले. त्यांनी महिन्याभरात मुरलीला दुसरीकडं बघ म्हणून सांगितलं. लोक त्याला तोंडावर काही बोलत नव्हते, पण सुई टोचताना कुणीतरी विचारायचंच, "काय कंपाउंडर, किती मिळाले?" चेष्टेनंच. त्याचीच सवय उलटून त्याच्यावर आलेली. वर्षाच्या आत त्यानं बिऱ्हाड हलवलं. शहराच्या कडेला पडेगावात दोन खोल्या घेतल्या आणि जवळच्याच छावणी भागातल्या एका औषधाच्या दुकानात कामाला लागला. पन्नाशी उलटलेल्या माणसानं पुन्हा काउंटरच्या मागं उभं राहायचं. शैलाचं एक जमत आलेलं स्थळ फिरलं, कारण मुलाच्या मामानं आमच्या गावात चौकशी केली होती. ते मला फार उशिरा कळलं.

माय परत आल्यावर पहिले काही दिवस विचारायची, मुरली कसा येत नाही? मग तिला बायकांकडून कळलं. मला समोर बसवलं आणि म्हणाली, "तुला माहीत हाय ना रं? मग तू बोलत का नाहीस?" मी म्हटलं, बघू, वेळ येऊ दे. पोराची अब्रू जाईल म्हणून ती आणि ताईही बाहेर कुणाला बोलल्या नाहीत. माय सात वर्षं जगली त्यानंतर, मुरलीच्या रक्तावर म्हणा ना. आणि सात वर्षं माझ्याशी कामापुरतं बोलली. ती गेली तेव्हा मुरली आला होता. स्मशानात सगळ्यांच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली उभा. मी पाहिलं त्याला. अग्नी देऊन वळलो तेव्हा वाटलं, सरळ जावं आणि त्याला पुढं आणावं. माझ्या बाजूला जगन्नाथराव उभे होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी गेलो नाही. थोड्या वेळानं झाडाखाली कुणी नव्हतं.

पुढं माझी बायको गेली, दुकान भाच्याला दिलं आणि मी छावणीजवळ मुलाकडं राहायला आलो. एक दिवस बीपीच्या गोळ्या आणायला गेलो तर काउंटरवर मुरली. केस सगळे पांढरे. माझी चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि म्हणाला, "विन्या, ही गोळी सकाळी घेतोस का रात्री?" इतकी वर्षं मधून काढून टाकल्यासारखा. "मंगळवारी सुट्टी असते मला. घरी ये, नीट मोजू बीपी." तेव्हापासून हे मंगळवार. वहिनी पहिले काही महिने चहा ठेवून आत निघून जायच्या. मुरली मात्र तोच. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि विचारायचा, "लग्नात किती बुंदी पाडली होती रे तुझ्या?"

मी तीन-चारदा विषय काढला. "मुरल्या, ते त्या वेळचं..." की हा लगेच, "गप बस. बीपी वाढंल." एकदाच बोलला. मी हट्टच धरला, की तू का नाही सांगितलंस कुणाला? तुझ्यापाशी दवाखान्याचे कागद होते, ताई साक्षीला होती. पट्टा सोडत म्हणाला, "सांगितलं असतं तर लोक काय म्हणाले असते? माय मरायला टेकली अन् पोरगा मतं मागत फिरला. ते फिरून मायच्या कानावर गेलं असतं. तिनं काय केलं असतं रे मग? माझं काय, मी पडलेलाच उमेदवार." आणि हसला. मला त्या हसण्यानं कानाखाली वाजवल्यासारखं झालं. तरी त्या दिवशीही मी त्याला "माझं चुकलं" एवढं म्हणालो नाही. पुढच्या मंगळवारी म्हणू, असं ठरवून घरी आलो. किती मंगळवार गेले मग...

मतदान त्यानं शेवटपर्यंत आमच्या गावातच ठेवलं. मी म्हणायचो, नाव इकडं लावून घे, दुपार झोपून तरी काढशील. ऐकायचा नाही. एसटीनं जायचा, रांगेत उभा राहायचा, शाई लावून घ्यायचा आणि कुणाच्या घरी पाणीही न पिता परत यायचा. मला वाटतं, त्याला कुणीतरी रांगेत विचारावं असं वाटत असेल. की कंपाउंडर, खरं काय झालं होतं? पण कुणी विचारलं नाही.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी गावातल्या ज्येष्ठ मंडळींनी मारुतीच्या मंदिरात शोकसभा ठेवली. शैलाला आणि वहिनींना मीच घेऊन गेलो. माणसं भरपूर आली होती. ज्यांच्या दंडावर मुरलीचा हात फिरला होता अशी निम्मी तरी असतील. जगन्नाथराव आता काठी टेकत चालतात. ते बोलायला उठले आणि म्हणाले, "कंपाउंडरचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत, ते सगळ्या गावाला ठाऊक आहेत." आणि लोक हसले. शोकसभेत! वहिनी मान खाली घालून पदराचं टोक मुडपत बसल्या. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो. मुरलीचा हात किती हलका होता, ते सांगितलं. सायकलीचं सांगितलं. बुंदीचं सांगितलं, लोक पुन्हा हसले. दोन मिनिटं बोललो आणि जागेवर येऊन बसलो.

परत आल्यावर पडेगावला गाडीतून उतरताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आज तरी बोलाल असं वाटलं होतं मला." एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. मागं न बघता आत गेल्या. शैलानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

म्हणून आता लिहितो. बोलण्यात माझा भरवसा नाही, हे पुरेसं सिद्ध झालंय. मुरलीनं कुणाकडूनही एक पैसा घेतला नव्हता. माघारीच्या दिवशी तो माझ्या आईचा जीव वाचवत होता आणि मी मतं मागत होतो. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या वेळी ज्यांनी कपबशीवर शिक्का मारला त्यांनी योग्य माणसाला मत दिलं होतं. आमच्या गावातल्या लोकांनी हे वाचावं, एकमेकांना दाखवावं आणि माझ्याबद्दल जे म्हणायचं ते खुशाल म्हणावं.

परवा ही पानं घेऊन मी पडेगावला गेलो. छापायला द्यायच्या आधी वहिनींना दाखवणं भाग होतं. वाचायला बसलो तर माझा आवाजच फुटेना. शेवटी शैलानं पानं माझ्या हातातून घेतली. मुरलीचा पलंग तसाच आहे, चादर घडी करून पायथ्याशी. त्यावर कुणी बसत नाही. वहिनी खाली चटईवर, पलंगाकडं तोंड करून बसल्या होत्या. शैला वाचत होती. मायच्या उलटीचं आलं तेव्हा वहिनींनी हात वर केला. "भावजी, हे काढून टाका. यांनी आख्ख्या जन्मात ते कुणाजवळ काढलं नाही. तुमची लाज राखली त्यांनी."

मी म्हटलं, "वहिनी, माझी लाज राखण्यात त्याचं गाव गेलं, काम गेलं, शैलाचं स्थळ गेलं. आता राहू द्या ते."

वहिनींनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "वाच गं पुढं." शैलानं सगळं वाचून संपवलं. पानं नीट एकावर एक ठेवली. बाहेर दौलताबादच्या रस्त्यानं गाड्या चालल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "ते पैशाचं पुन्हा वाच." शैलानं पान शोधलं आणि खालच्या आवाजात वाचायला लागली, की मुरलीनं कुणाकडूनही... आवाज चिरकला, ती थांबली. शेवटची दोन-तीन वर्षं मुरलीला कमी ऐकू यायचं. त्या घरात जो तो त्याच्याशी ओरडूनच बोलायचा, मीसुद्धा. वहिनींची नजर पलंगावरून हलली नव्हती. "मोठ्यानं वाच की गं," त्या शैलावर खेकसल्या, "असं पुटपुटलेलं त्यांना ऐकू येतं का?"

शैलानं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं वाचलं.